सिस्टिम कॉल : सिग्नलमुळे व्यत्यय व पुनरारंभ

युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालींत एखादी प्रोसेस सिस्टिम कॉल करून कर्नलमध्ये थांबलेली असताना सिग्नल आला, तर तो कॉल अर्ध्यावर सोडायचा की पुन्हा सुरू करायचा, यासंबंधीचे नियम. कीबोर्डवरून अक्षर येण्याची किंवा नेटवर्कवरून माहिती येण्याची वाट प्रोसेस पाहत असते. तेवढ्यात कोणी कंट्रोल-सी दाबते (सिगइंट, क्रमांक २) किंवा लावलेला गजर होतो (सिगअलार्म, क्रमांक १४). कर्नल प्रोसेसला जागे करते आणि प्रोग्रामने हँडलर (सिग्नल आल्यावर चालवायचे फंक्शन) नेमला असल्यास आधी तो चालवते. अडलेल्या कॉलचा प्रश्न त्यानंतर उरतो.

जुन्या युनिक्सने तो प्रोग्रामरच्या गळ्यात टाकला : कॉल फसला असे सांगायचे, ‘ईआयएनटीआर’ हा त्रुटी-क्रमांक द्यायचा, पुढचे ज्याचे त्याने पाहावे. एमआयटीच्या आयटीएस प्रणालीत मात्र कॉल करण्यापूर्वीची स्थिती कर्नल स्वतःच पूर्ववत करी. रिचर्ड गेब्रिएल यांच्या ‘वर्स इज बेटर’ या लेखामुळे हा भेद प्रसिद्ध झाला. आयटीएसची रीत अधिक नेटकी होती यात शंका नाही. टिकले ते युनिक्स.

४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीने (१९८३) वाचन, लेखन यांसारखे कॉल आपोआप पुन्हा सुरू करायला आरंभ केला. त्यातून नवी पंचाईत झाली. ठरावीक वेळानंतर वाचन सोडून देण्यासाठी गजर लावणारे प्रोग्राम होते. आता गजर होऊनही वाचन सुटेना. म्हणून ४.३बीएसडीत (१९८६) सिग्नलागणिक निवडीची सोय आली. आज हीच निवड सिगअ‍ॅक्शन या कॉलमधील ‘एसए_रीस्टार्ट’ या खुणेने करतात.

लिनक्समधील युक्ती पाहण्याजोगी आहे. व्यत्यय आलेला कॉल कर्नलच्या आत ५१२ हा क्रमांक परत करतो. प्रोग्रामला तो कधी दिसत नाही. पुनरारंभ करायचा असल्यास एक्स८६ प्रोसेसरवर सूचना-दर्शक दोन बाइट मागे सरकवला जातो. सिस्टिम कॉलची सूचना दोनच बाइटांची असल्यामुळे हँडलर संपताच तीच सूचना पुन्हा चालते.

खूण लावली तरी सिलेक्ट, पोल व नॅनोस्लीप हे कॉल हँडलर चालल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. काही बाइट आधीच वाचून झाले असतील, तर वाचन त्रुटी न देता तेवढीच संख्या सांगते. सर्वांत फसवा क्लोज : लिनक्सवर ईआयएनटीआर आला तरी फाइलचा क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो. तो पुन्हा बंद करू जाता दुसऱ्या थ्रेडने नुकतीच उघडलेली फाइल बंद पडू शकते.

डिस्कची वाट पाहणाऱ्या, ‘डी’ अवस्थेतील प्रोसेसला सिग्नल पोचून उपयोग नसे. लिनक्सच्या २००८ मधील २.६.२५ आवृत्तीपासून अशा काही प्रतीक्षा निदान प्राणघातक सिग्नलने तरी मोडता येतात. पायथन ३.५ पासून (२०१५) ईआयएनटीआरनंतरचा पुनर्प्रयत्न भाषाच करते. हँडलरने एक्सेप्शन दिले, तर कॉल तिथेच सुटतो.