खाजण

गोव्यात नद्यांच्या खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेली सखल शेतजमीन. मांडवी व जुवारी यांच्या काठांवर, विशेषतः तिसवाडी, बार्देश व सासष्टीत, ती आढळते. गोव्यातील खाजणांचे क्षेत्र सु. १८,००० हेक्टर सांगितले जाते.

रचना : मातीचा बाहेरचा बांध, त्यापुढे लाटांचा मारा सोसणारी खारफुटी, बांधात लाकडी दारांची ‘मानस’ आणि आत पाणी साठवणारी ‘पोंय’. भरतीच्या रेट्याने मानशीची दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पावसाचे पाणी ओहोटी लागेपर्यंत पोंयीत व शेतात थांबते. पहिल्या पावसांनी क्षार धुऊन गेल्यावर कोरगुटसारखा खारे पाणी सोसणारा भात लावतात. कापणीनंतर काही ठिकाणी खारे पाणी आत घेऊन मासळी पकडतात.

व्यवस्थापन : खाजणे पोर्तुगीजपूर्व आहेत, त्यांचा नेमका काळ ठरवणे कठीण आहे. पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशिया याने १५२६ मध्ये केलेल्या ‘फोराल’ या सनदेत गांवकरी या ग्रामसंस्थेचे रिवाज नोंदले आहेत. बाहेरून आलेल्या चौघांनी ओसाड तिसवाडी लागवडीखाली आणल्याची समजूतही तीत आहे. बांधांची डागडुजी ही सर्व गांवकारांची सामाईक जबाबदारी असे. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने देत. गांवकरीला पुढे कोमुनिदाद म्हटले गेले; तिची संहिता १९६१ मध्ये निघाली. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने कुळांकडे गेली. त्यासाठी १९७५ मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले व कूळ संघ स्थापन झाले.

ऱ्हास : अनेक बांध फुटून शेते खारी झाली. यास कोणी कूळ कायद्याला, कोणी खनिजवाहू बार्जांच्या लाटांना, तर कोणी मासळीसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेण्याला जबाबदार धरतात. बांधाची देखभाल थांबल्यावर पडीक शेतात खारफुटी वाढते आणि तिला कायद्याचे संरक्षण असल्याने जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे अवघड होते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने खाजणांत विकासकामांना मनाई केली.

मिठागरे : काही खाजणांत कोरड्या ऋतूत मीठ पिकवतात.

कोकण : महाराष्ट्रात अशा जमिनींना खार किंवा खारेपाट म्हणतात. त्यांच्यासाठी १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला.