दोन दिवसांत सापडलेलं हाड

जोहान्सबर्गला लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, सिंह-हत्ती सगळेच बघतात. तुम्हाला आपले पूर्वज दाखवतो." शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास स्टर्कफोंटेनच्या गुहा आहेत. डोक्यावर हेल्मेट चढवून खाली उतरलो. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण आतलं काळंभोर, निश्चल तळं बघून ती विसरलो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे चुन्यासाठी सुरुंग लावून दगड फोडायचे. त्यात किती हाडं गेली असतील, देव जाणे! १९४७ मध्ये रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना इथे २० लाखांहून जास्त वर्षांपूर्वीची कवटी मिळाली, तीच 'मिसेस प्लेस'. बाहेर हातात कवटी घेतलेल्या ब्रूमसाहेबांचा पुतळा आहे. त्याच्या नाकाला हात लावून लोक फोटो काढतात. आम्हीही काढला.

पण मला भावली ती दुसरीच हकिगत. १९९४ मध्ये रॉन क्लार्क जुन्या पेट्या चाळत होते. माकडांची म्हणून ठेवलेल्या हाडांत त्यांना पायाची चार छोटी हाडं दिसली, माणसाच्या कुळातली. १९९७ मध्ये आणखी काही मिळाली. त्यात नडगीचा एक तुकडा होता, सुरुंगाने मोडल्यासारखा. म्हणजे उरलेलं हाड गुहेतच असणार! क्लार्क यांनी त्या तुकड्याची प्रतिकृती स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या आपल्या दोन सहकाऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, शोधा.

अंधारी, भली मोठी गुहा, हातात दिवे आणि चहूकडे सारखाच खडक. आपल्या 'बी' विंगची गळती शोधायला तीन प्लंबर आणि दोन पावसाळे लागले, आठवतंय ना? या दोघांनी दोन दिवसांत खडकातलं ते तुटलेलं टोक शोधलं. तुकडा बरोबर जुळला.

त्यामागे अख्खा सांगाडा होता, 'लिटल फूट'. काँक्रीटसारख्या खडकातून तो सोडवून साफ करायला २० वर्षं गेली. डिसेंबर २०१७ मध्ये तो लोकांना दाखवला. ९० टक्क्यांहून अधिक शाबूत! वय सुमारे ३६ लाख वर्षं सांगतात, काही संशोधक कमी म्हणतात.

परतताना लेकीकडून ती दोन नावं कागदावर लिहून घेतली. ब्रूमसाहेबांचा फोटो होताच. घर येईपर्यंत गाडीत घोकत होतो, मोत्सुमी, मोलेफे.