किनारा दिसू लागल्यावर

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी जाऊन उभे राहावे. मासळी घेऊन परतलेली एखादी होडी मुखाशीच थबकलेली दिसते. घर हाकेच्या अंतरावर असते. पण पाणी चढेपर्यंत कोळी जागचा हलत नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे आपण हसत म्हणतो. दर्यावर्दी माणसाला त्या शेपटाचेच भय अधिक!

ते किती खरे असते, हे १९६८-६९ च्या एका शर्यतीत दिसून आले. कोठेही न थांबता, एकट्याने, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. प्रथम येणाऱ्यास करंडक आणि सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्यास ५,००० पौंड. नऊजण निघाले. त्यांपैकी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याची 'सुहेली' आपल्या मुंबईची लेक. बत्तीस फुटी, सागवानी, इथल्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून घडवलेली. मोठी मंद होडी. पण मंद होडी माणसाला धीर धरायला शिकवते, असे मला वाटते.

१४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडातील फालमथहून निघाला. वाटेत सुकाणू आपोआप धरणारे यंत्र मोडले, बिनतारी संदेश बंद पडले. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. परतताना युरोपच्या जवळ आगबोटींची वर्दळ लागते. एकट्या माणसाने झोपावे केव्हा आणि पहारा द्यावा केव्हा? तरीही २२ एप्रिल १९६९ रोजी 'सुहेली' फालमथला सुखरूप पोचली. जकात अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, "कोठून आलात?" उत्तर मिळाले, "फालमथहून!"

आता दुसरी बाजू पाहा. नायजेल टेटली हा नौदल अधिकारी. त्याची 'व्हिक्ट्रेस' तीन सांगाड्यांची, प्लायवुडची, दक्षिणेच्या वादळांनी खिळखिळी झालेली. त्याच एप्रिलमध्ये अटलांटिकात त्याने आपलीच जाण्याची वाट ओलांडली; म्हणजे प्रदक्षिणा पुरी झाली होती, उरले होते ते केवळ घरी येणे. हळूहळू आला असता तर पैशाचे बक्षीसही बहुधा त्याचेच होते, कारण त्याला दिवस कमी लागले होते. परंतु डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा स्पर्धक पाठोपाठ वेगाने येत आहे, अशा वार्ता आल्या. टेटलीने जीर्ण होडीवर शिडांचा ताण वाढवला. मे महिन्याच्या वादळात एका बाजूचा नाळेचा भाग तुटला, त्याने मधल्या सांगाड्यालाही भोक पाडले आणि २१ मे रोजी 'व्हिक्ट्रेस' बुडाली. घर सुमारे हजार-बाराशे सागरी मैलांवर राहिले. टेटली तराफ्यावर वाचला, एवढेच सुदैव.

आणि तो पाठलाग करणारा? त्याने अटलांटिक महासागर सोडलाच नव्हता. त्याच्या साऱ्या वार्ता खोट्या होत्या! जुलैत त्याची होडी रिकामीच सापडली. टेटली हरला तो कोणा प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे, मागे नसलेल्या पावलांच्या आवाजाने. नऊजणांपैकी एकटी 'सुहेली'च परतली. ते ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले.

याच नॉक्स-जॉन्स्टनचे मार्गदर्शन पुढे आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी घेतले. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' घेऊन ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले. चार बंदरांत थांबत त्यांनी पृथ्वीला फेरी घातली. अशी फेरी एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय. शेवटचा टप्पा मे महिन्यातला, पावसाळा तोंडावर. मुंबई जवळ येते तशी समुद्रात गर्दी वाढते: प्रथम मुंबई हायच्या तेलविहिरींचे मनोरे, मग मालाची जहाजे, आणि रात्री कोळ्यांच्या होड्यांचे मिणमिणते दिवे. त्यांची जाळी तर अंधारात दिसतही नाहीत. १९ मे २०१० रोजी 'म्हादेई' मुंबईस परतली. जून लागायला तेव्हा तेरा दिवस उरले होते.