खोटे भय आणि खरी सावधगिरी

श्रोतेहो, जत्रेला गेले म्हणजे देवदर्शन होते, पाळण्यात बसणे होते, भेळ-शेव होते. अलीकडे मात्र एखाद्या कोपऱ्यात काळ्या कापडाने वेढलेला पत्र्याचा एक मांडवही दिसतो. वर पाटी असते 'भूत बंगला'. आतून किंकाळ्या येतात आणि बाहेर पोरांची रांग लागलेली असते. पैसे मोजून भ्यायचे, हे आपल्या आजोबांना चमत्कारिक वाटले असते. पण हा धंदा काही कालपरवाचा नव्हे, चांगला सव्वादोनशे वर्षांचा आहे. आत शिरण्याआधी त्याचा इतिहास ऐकून ठेवलेला बरा. आत कसे वागावे, याची उत्तरे त्या इतिहासातच आहेत.

१७९८ साली पॅरिस शहरात रॉबर्टसन नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने 'फँटस्मागोरिया' या नावाचा खेळ लावला. पुढच्या वर्षी त्याने तो एका ओस पडलेल्या मठात नेला. फ्रेंच राज्यक्रांतीतील कत्तलींची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. अंधाऱ्या दालनात प्रेक्षक बसत. पडद्यामागे चाकांवर बसवलेला जादूचा कंदील असे. तो मागे सरकला की पडद्यावरचे भूत मोठे होई आणि अंगावर धावून आल्यासारखे वाटे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, बरं का. हा रॉबर्टसन स्वतःला मांत्रिक म्हणवीत नसे. हा प्रकाशाचा आणि शास्त्राचा खेळ आहे, असे तो लोकांना सांगत असे. (आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असाच कंदील 'शांबरिक खरोलिका' या नावाने आणला आणि त्यावर पुराणातल्या कथा दाखविल्या.) सारांश, प्रेक्षक आणि खेळवाला यांच्यात पहिल्यापासून एक करार आहे. भय खोटे असेल, आणि माणूस सुखरूप बाहेर येईल.

रॉबर्टसनचा प्रेक्षक एका जागी बसून होता. पुढे तो चालू लागला. १९१५ च्या सुमारास इंग्लंडात ऑर्टन आणि स्पूनर या कारखान्याने वाफेवर चालणारे भुताचे घर बांधले. ते लिपहूक गावाजवळच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेत हॅलोविनच्या रात्री पोरे फार धुडगूस घालीत. त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी आईबापांनी घरांच्या तळघरांतून भयाच्या वाटा रचल्या. १९६९ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये भुताचा वाडा उघडला आणि या प्रकाराला मोठी प्रतिष्ठा आली.

आता अडचण कोठे आली ते पाहा. बसलेल्या माणसाला दार कोठे आहे ते ठाऊक असते. वळणावळणाच्या अंधारात चालणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसते. किंबहुना ते ठाऊक नसणे, हीच तर तिथली गंमत! पण ज्या दिवशी खरे संकट येते, त्या दिवशी हीच गंमत जिवावर बेतते.

९ जून १९७९ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लूना पार्कमधील भुताच्या गाडीला आग लागली. सात जण मेले, त्यांत सहा मुले होती. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानात 'झपाटलेला किल्ला' जळाला. आठ तरुण मुले-मुली गेली. तो किल्ला म्हणजे एकमेकांना जोडलेले ट्रेलर होते. आत भिंतींना फोम लावलेला होता. पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारी घंटा नव्हती. अंधारात वाट दिसावी म्हणून एका मुलाने लायटर पेटवला आणि ज्योत फोमला लागली, असे तपासात पुढे आले. आग कोणीतरी मुद्दाम लावली, अशी बाजू कंपनीने मांडली. १९८५ साली ज्यूरीने कंपनीला मनुष्यवधाच्या आरोपातून सोडले. निकाल काहीही असो, जिथे धूर, ज्वाळा आणि किंकाळ्या हाच खेळ, तिथे खरी किंकाळी कोणी ओळखायची, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांनी त्याला उत्तर दिले आहे. अशा घरात पाण्याचे फवारे हवेत. धूर कळताच दिवे आपोआप लागले पाहिजेत आणि भुतांचे आवाज बंद झाले पाहिजेत. खेळ संपला, हे माणसाला ताबडतोब कळले पाहिजे.

आपल्या जत्रेतल्या मांडवात हे सारे असेलच असे नाही. म्हणून थोडे आपणच पाहावे. शिक्षकहो, मुलांना नेण्याआधी मांडवाभोवती एक फेरी मारा. बाहेर पडायचे दुसरे दार आहे का? त्याला कुलूप तर नाही? आग विझवायचे साधन हाताशी आहे का? दुसरे दार नसेल तर तिकिटाचे पैसे खिशात राहू द्या. मुले मोजून आत सोडा, मोजून बाहेर घ्या. काडेपेटी, विडी, लायटर आत नेऊ नका. धावू नका, अंधारात मागचा पुढच्यावर पडतो.

आणि भुतालाही माणूस समजा. मुखवट्याआडचा गडी पोटासाठी उभा असतो. पोरे भीतीने किंवा फुशारकीने त्याला गुद्दा मारतात, केस ओढतात. ते बरे नव्हे. तो तुम्हाला हात लावीत नसेल, तर तुम्हीही लावू नये. हृदयविकाराच्या माणसाने, गरोदर बाईने, लखलखत्या दिव्याने फेफरे येणाऱ्याने आत जाऊ नये. कोणी घाबरून "नको" म्हणाला तर त्याला भित्रा म्हणून ढकलू नका. आत गेल्यावर नकोसे झाले तर मोठ्याने सांगावे, "मला बाहेर जायचे आहे." जो खेळवाला हे ऐकून वाट दाखवतो, तोच करार पाळणारा. असा खेळवाला असेल तर खुशाल जा, मनसोक्त ओरडा, आणि हसत बाहेर या.