दांडी आणि पाचर

वाद्याच्या इतिहासात भर घालणाऱ्यांची नावे टिकतात. काढून टाकणाऱ्यांची सहसा टिकत नाहीत. इलेक्ट्रिक गिटारच्या ‘ट्रेमोलो’चा इतिहास म्हणूनच दोन बाजूंनी वाचावा, असे आम्हांला वाटते. एका बाजूला हलत्या घोडीचे शोध आणि पेटंटे आहेत. दुसऱ्या बाजूला तीच घोडी पाचर मारून जखडणारे वादक आहेत.

आरंभ एका चुकीच्या शब्दापासून होतो. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातला कंप. स्वराच्या उंचीतला कंप तो व्हिब्राटो. लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. तिच्या घोडीला जोडलेली दांडी दाबली की सगळ्या तारा सैल पडून स्वर उतरत. म्हणजे हा व्हिब्राटोच. पण फेंडरने त्याला ट्रेमोलो म्हटले आणि आपल्या काही अॅम्प्लिफायरांतील खऱ्या ट्रेमोलोला व्हिब्राटो! नावांची ही अदलाबदल आजही रूढ आहे.

रचना समजून घेतली पाहिजे. घोडीखाली धातूचा एक ठोकळा गिटारच्या पोटातील पोकळीत लोंबत असतो आणि स्प्रिंगा त्याला मागून ओढून धरतात. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोंच्या घरात जातो; तेवढ्याच जोराने स्प्रिंगांनी त्याला तोलायचे. दांडीने हा तोल क्षणभर मोडायचा आणि तो आपोआप परत यावा, अशी अपेक्षा. अडचण अशी की, दांडी जोरात दाबल्यावर तारा नटाच्या खाचांत सरकत, खुंट्यांवरची वेटोळी हलत, आणि सूर मूळ जागी परतत नसे.

फ्लॉइड रोझ यांनी यावर उपाय काढला. त्याचे पेटंट त्यांना १९७९ मध्ये मिळाले. त्यांनी तार नटापाशी आणि घोडीपाशी अशी दोन्हीकडे पकडीत आवळून टाकली. सरकायला जागाच उरली नाही. एडी व्हॅन हेलन आणि त्यांच्या मागून आलेल्या १९८० च्या दशकातील वादकांनी या यंत्रावर स्वर पार पाताळात नेले आणि तसेच्या तसे परत आणले. आपल्याकडची मींड एका तारेवर चालते. इथे सहाही तारा एकदम घसरत होत्या.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र निमूटपणे वसूल होत होती. नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी. म्हणून घोडीवर बारीक जुळणीचे वेगळे स्क्रू बसवावे लागले. तार बदलायची तर षट्कोनी चावी हवी. एक तार तुटली की तोल ढळून उरलेल्या पाचही चढतात. एक तार बोटाने ताणली की बाकीच्या किंचित उतरतात. एखादी तार उतरवून वाजवायचे ठरवले, तर सगळे वाद्य पुन्हा तोलावे लागते. १९९० च्या दशकात रॉकची अभिरुची पालटली, तारा खाली उतरवून वाजवण्याची रीत बळावली, तेव्हा ही शेवटची अडचण अनेकांना जाचू लागली.

मग पाचर आली. धातूचा ठोकळा आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये मापाचा लाकडी तुकडा घट्ट बसवायचा. मानेकडच्या बाजूला बसवला तर घोडी मागे झुकत नाही, तार तुटली तरी बाकीच्यांचा सूर टिकतो, आणि दांडी खाली दाबण्याची सोय राहते. दोन्हीकडे बसवला की घोडी पूर्ण स्थिर होते.

हे केवळ सामान्यांचे जुगाड नव्हते. एरिक क्लॅप्टन यांनी १९५० च्या दशकातील स्ट्रॅटोकास्टरांचे भाग जुळवून ‘ब्लॅकी’ ही आपली प्रसिद्ध गिटार घडवली. तिची हलती घोडी त्यांनी लाकडाने जखडून टाकली होती. स्थिर घोडीची स्ट्रॅटोकास्टर फेंडर बनवत असतानाही त्यांनी हा मार्ग धरला. त्याहून बोलके उदाहरण खुद्द व्हॅन हेलन यांचे. फ्लॉइड रोझची कीर्ती ज्यांच्यामुळे पसरली, त्यांनीच आपली घोडी गिटारच्या अंगावर टेकवून ठेवली होती. दांडी फक्त खाली जाई. सर्वांत जाड तार क्षणात एक स्वर उतरवणारे ‘डी-ट्यूना’ हे त्यांच्या नावाशी जोडलेले उपकरणही घोडी अशी टेकलेली असेल तरच नीट चालते.

पाचर मारणे म्हणजे मागे जाणे, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांला तो पटत नाही. स्थिर घोडीवर वाजवणारा आणि हलती घोडी स्थिर करून वाजवणारा यांत फरक आहे. दुसऱ्याने शक्यता पाहिली आहे, तिची किंमत मोजली आहे, आणि मग ती नाकारली आहे. कर्त्याच्या हेतूला तो बांधील नाही. पण हेतू पुसतही नाही. पोकळी लाकडाने कायमची भरून टाकणारेही असतात आणि तिथे मूळ रचना संपते. पाचर मात्र उद्या काढता येते.

संहितेचा पाठ आणि तिचा वापर यांविषयी आपण वर्गांतून पुष्कळ बोलतो. कर्त्याने दिलेली एखादी सोय नाकारून कृती आपलीशी करणारा वाचक आपल्या इतिहासलेखनात कुठे बसतो, हा प्रश्न या लाकडाच्या तुकड्यानेही विचारला आहे. गिटारच्या पाठीवरचे झाकण उघडल्याखेरीज तो तुकडा दिसत नाही, एवढेच.