अख्ख्या घराला बोलावताना : एका उपचारशाखेची प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यात, शेंदूरजनाघाटातल्या संत्रा बागाईतदाराला फोन घराबाहेर ठेवता येत नाही. व्यापाऱ्याचा भाव त्यावर येतो, गारपिटीचा अंदाज त्यावर कळतो, रात्रपाळीची वीज आली की बागेतली मोटर त्याच फोनवरून सुरू होते. मार्च 2020 नंतर, कोरोनाकाळात, शाळेने अभ्यासही त्यावरच पाठवला. मग नववीतला मुलगा रात्री एकपर्यंत गेम खेळू लागतो, सकाळी उठत नाही, हाक मारली तर अंगावर येतो. बाप फोन काढून घेतो आणि दुसऱ्या संध्याकाळी बाजारभावासाठी, मोटरीसाठी तोच फोन घरात पुन्हा फिरू लागतो. दारूच्या बाबतीत ‘घरात बाटली नको’ एवढे तरी ठामपणे सांगता येते, इथे तेही सांगता येत नाही. कुटुंबाला सोबत घेऊन पडद्याच्या अतिवापरावर उपचार करणाऱ्या ज्या शाखेची ओळख मला इथे करून द्यायची आहे, ती याच अडचणीतून वाट काढते.

तिचे म्हणणे असे की मुलाच्या हातातला फोन आपल्याला दिसतो, पण त्या फोनला जागा करून देणारी घडी साऱ्या घराची असते. कोण कधी घरी येतो, कोण कोणाशी बोलतो, नियम कोण करतो आणि तो कोण मोडू देतो, हे सगळे त्या घडीत येते. डिंक्या रोग लागलेल्या संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडतात, तेव्हा वरूडच्या पट्ट्यातला जाणता माणूस पानांवर फवारा मारत बसत नाही. तो बुंध्याशी माती उकरून पाणी कुठे साचते ते पाहतो. घराकडे पाहायचे ते तसे. यात आईबापांवर ठपका ठेवायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण ‘सगळ्यांनी या’ असा निरोप गेला की पुष्कळ घरांत आई रात्रभर स्वतःला दोष देत जागते. घराला बोलावतात ते घराच्या हातात बदल करण्याची ताकद असते म्हणून.

ही दृष्टी इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. अर्जेंटिनातून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांवर काम करताना मुलाला एकट्याला खोलीत बसवून बोलण्याचा मार्ग अपुरा मानला. त्यांचे त्या मुलांच्या कुटुंबांवरचे पुस्तक 1967 मध्ये आले आणि उपचारपद्धतीची मांडणी करणारे पुस्तक 1974 मध्ये. आपल्याकडे याच्याही आधी, 1950 च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून सोबत राहायला लावले होते. जागा कमी होती, मनुष्यबळ त्याहून कमी. पण घरचे माणूस सोबत असले की रुग्ण लवकर सावरतो आणि घरी परत घेतला जातो, हे त्या तंबूंनी दाखवले. या शाखेच्या इतिहासात मी ही घटना फार मोलाची मानतो. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाच्या पत्नीलाही उपचारात जागा दिली.

पडद्याचा प्रश्न नंतर आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी 1996 मध्ये इंटरनेटच्या व्यसनावर निबंध वाचला, तेव्हा अनेकांनी तो उडवून लावला होता. आज मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, गेमिंगचा विकार अधिकृतपणे आहे. त्याच्या खुणा तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालू राहणे. हे साधारण बारा महिने चाललेले असावे आणि त्याने घर, शाळा किंवा काम बिघडलेले असावे. सुट्टीत आठ दिवस फोनला चिकटलेले पोर या व्याख्येत बसत नाही, ही गोष्ट घाबरलेल्या पालकांना आधी सांगावी. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी स्वतंत्र सेवा चालते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. समजा, खोलीत सतरंजीवर आजी, आई, बाबा, काका, नववीतला मुलगा आणि त्याची तीन वर्षांची बहीण बसली आहेत. समुपदेशक मध्ये मोठा कोरा कागद पसरतो आणि पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत तासांच्या रेघा आखतो. कोणत्या तासाला फोन कोणाच्या हातात असतो, एवढेच सगळ्यांनी सांगायचे. सकाळी काका भाव पाहतो. दुपारी आजी कीर्तन ऐकते. संध्याकाळी साडेसातला धाकटीला भरवायचे म्हणून आई कार्टून लावून देते. बाबा बागेतून थकून येतात, जेवताना रील पाहतात. मुलाच्या हाती फोन येतो तो साडेदहाला, सगळे आडवे झाल्यावर. कागद भरला की दोन गोष्टी कोणी न सांगता दिसतात. एक, मुलाची वेळ फक्त रात्रीची उरलेली आहे. दुसरी, सात ते दहा या वेळात घरातली सहाही माणसे एका छताखाली असतात आणि मुलाशी झालेल्या बोलण्याची नोंद ‘अभ्यास केला का’ एवढीच निघते.

मग समुपदेशक मागच्या आठवड्यातले भांडण तिथेच पुन्हा करून दाखवायला सांगतो. बाप म्हणतो, “ठेव म्हटलं ना तो फोन!” पोरगा म्हणतो, “पाच मिनिटं, मॅच सुरू हाये.” आजी मध्ये पडते, “काहून ओरडतं लेकरावर? दिवसभर शाळेत होतं ते.” बाप आजीकडे वळतो, “तुम्हीच लाडावून ठेवलं त्याले.” आता भांडण बाप आणि आजीचे झाले, आई गप्प, आणि मुलाची मॅच निवांत पुरी होते. मिनुचिन यांच्या पद्धतीचा गाभा इथे हाताला लागतो. समुपदेशक मुलाला उपदेश करत नाही. आईबाबांना समोरासमोर बसवून तो एकच नियम आपसांत ठरवायला सांगतो, आजीला आधी तिचे म्हणणे पुरते मांडू देतो आणि नियम ठरला की तो मोडायचा नाही असा शब्द तिच्याकडून घेतो. नियम लहान हवा आणि मोठ्यांनाही लागू हवा : जेवताना सगळ्यांचे फोन एका टोपलीत, मोटरीसाठी साधा बटनांचा फोन वेगळा. पुढच्या भेटीत तो नियम किती दिवस टिकला, पहिल्यांदा कोणी मोडला, यावर बोलणे होते. बहुतेकदा पहिल्यांदा तो मोठे माणूसच मोडते, आणि त्याने ते मुलासमोर मान्य केले की पुढचे काम सोपे जाते.

या मार्गाला अभ्यासांचा आधार आहे. चीनमध्ये 46 किशोरवयीन मुले आणि त्यांचे 46 पालक घेऊन एक प्रयोग झाला. 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अनेक कुटुंबे एकत्र बसवून दोन-दोन तासांच्या सहा बैठका झाल्या आणि मुलांचे इंटरनेटचे व्यसन लक्षणीय घटले. संशोधकांनी हे कशामुळे झाले तेही तपासले : पालकांशी बोलणे आणि जवळीक वाढली होती आणि जी गरज मुले इंटरनेटवर भागवत होती ती बाहेर भागू लागली होती. जिनिव्हातला 42 मुलांवरचा 2021 चा अभ्यास मला याहून बोलका वाटतो. तिथे दोन प्रकारचे कुटुंबोपचार तपासले. दोन्हींनी गेमिंगच्या विकाराचे प्रमाण घटले आणि सुरुवातीला पालकांना जो प्रश्न फार गंभीर वाटत होता व मुलांना किरकोळ, त्यातले अंतर कमी होत गेले. मुख्यतः पालकांचे मत सौम्य झाले म्हणून ते कमी झाले. अर्थात शेताच्या वेळापत्रकावर चालणारे, आजी-काकांचे घर या अभ्यासांत नाही. तिथल्या पद्धती आपल्याकडे आणताना नियम करण्याचा अधिकार घरात खरोखर कोणाकडे आहे, हे आधी विचारावे लागते.

घरासोबत गावही उपचारात येऊ शकते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, पण उपचाराच्या नजरेने मला वडगावचा मार्ग उजवा वाटतो, कारण तिथे मोठ्यांचाही फोन बाजूला पडतो. फक्त मुलांवरची बंदी टिकतेच असे नाही : दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद करण्याचा कायदा केला होता. 2022 उजाडताना तो मागे घेतला. आपल्या अमरावती जिल्ह्याला तर अशी सामाईक वेळ नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव नेलेल्या सामुदायिक प्रार्थनेने संध्याकाळी थोरांना आणि पोरांना एका ओळीत बसवले. ज्या गावात ती प्रार्थना अजून होते, तिथे कामाची सुरुवात करायला जागा तयारच आहे.

काही ठिकाणी मात्र थांबावे लागते. मुलीचा फोन अनेक घरांत अतिवापरासाठी काढला जात नाही, ती कोणाशी बोलते या संशयापोटी काढला जातो. अशा घरात सगळ्यांना एकत्र बसवले तर उपचाराच्या नावाखाली पाळत वाढते. तिचे म्हणणे आधी एकटीला भेटून ऐकावे. घरात मारहाण असेल तर आधी सुरक्षितता पाहावी. आणि रात्रभर जागणाऱ्या प्रत्येक मुलामागे फोन हेच मूळ असते असे नाही. उदासी, अभ्यासात मागे पडण्याची लाज, लक्ष न लागण्याचा विकार, शाळेतला छळ यांपासून पळून मुले पडद्यात जातात. ते तपासल्याशिवाय केलेले नियम उलटतात. मूल ‘मी येत नाही’ म्हणाले, तर त्याच्या होकारासाठी महिने घालवू नयेत. आईबाप आले तरी काम सुरू होते, कारण मोठ्यांचे वागणे बदलले की मुलाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

शिक्षक, आशाताई, अंगणवाडीसेविका, रोपवाटिकेचे मालक, मंडळांचे कार्यकर्ते या सगळ्यांना या क्षेत्रात यायला वाव आहे. मानसोपचाराची पदवी नसलेल्याने उपचार करू नयेत. पण घरी जाऊन दिवसाचा तो कागद मांडणे, ऐकून घेणे आणि पुढची वाट दाखवणे त्याला जमते. ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन लावताना मुलाने लावावा असा आग्रह नको. आजीने लावला तरी चालतो, आणि ‘पोरगं बिघडलं’ असे न सांगता रात्री कोण किती वाजता झोपतो इथून सांगायला लागले, तर पलीकडच्या माणसाला अधिक उपयोगी माहिती मिळते.