अमरावती स्तूपाचे शिल्पावशेष

अमरावती स्तूपाचे शिल्पावशेष म्हणजे आंध्र प्रदेशात कृष्णा नदीकाठी असलेल्या अमरावती येथील प्राचीन बौद्ध महाचैत्याचे कोरीव शिलापट्ट, स्तंभ व कठड्याचे भाग होत. महाराष्ट्रातील अमरावती शहराशी त्यांचा संबंध नाही. चेन्नईचे शासकीय संग्रहालय व लंडनचे ब्रिटिश म्युझियम येथे यांचे मोठे संग्रह आहेत. कोलकाता, दिल्ली, पॅरिस येथील संग्रहालयांत आणि अमरावतीच्या स्थानिक संग्रहालयातही काही भाग आहेत. मूळ स्थळी उरला आहे तो मुख्यतः स्तूपाचा तळभाग.

स्तूपाचा आरंभ इसवी सनापूर्वीचा असला, तरी त्याला वैभव लाभले ते सातवाहन काळात. पैठणशी निगडित असलेल्या या घराण्यातील वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा उल्लेख येथील शिलालेखात आढळतो. शिल्पांचा दगड पलनाड भागातील फिकट चुनखडक आहे. ‘अमरावतीचे संगमरवर’ हे जुने नाव चुकीचे होय.

'''विखुरणे'''

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू यांच्या नव्या नगराच्या बांधकामासाठी टेकाडातील दगड-विटा काढल्या गेल्या. काही शिळा तर चुन्यासाठी भाजल्या गेल्या. कॉलिन मॅकेंझी १८१६ मध्ये येथे दुसऱ्यांदा आले, तोवर टेकाडाचा मध्यभाग खणून तेथे तळे करण्यात आले होते. त्यांनी करवून घेतलेली रेखाटने मोलाची आहेत, कारण त्यांतील कित्येक शिळा पुढे नाहीशा झाल्या. वॉल्टर इलियट यांनी १८४५ मध्ये काढलेली शिल्पे मद्रासला अनेक वर्षे उघड्यावर पडून होती. १८५९ मध्ये ती लंडनला रवाना झाली. तेथेही ती अडगळीतच राहिली. १८६७ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी ती एका गाडीखान्यातून शोधून काढली. ब्रिटिश म्युझियमकडे ती १८८० मध्ये आली.

त्याच वर्षी मद्रासच्या गव्हर्नरच्या आदेशाने उरलेले टेकाड सरसकट मोकळे करण्यात आले. कोणता पट्ट कोठे होता याची नीट नोंद ठेवली गेली नाही. स्तूपाची सर्वांत मोठी हानी बहुधा हीच म्हणावी लागेल.

'''दुहेरी शिळा'''

ब्रिटिश म्युझियममधील एक शिलापट्ट दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. जुन्या बाजूस बोधिवृक्ष, रिक्त आसन व उपासक दिसतात. तेथे बुद्ध मानवी रूपात नाही. पुढे तीच शिळा उलटवून मागील बाजूवर सुशोभित स्तूप कोरण्यात आला. त्यावर तोरणांऐवजी प्रवेशापाशी उभे केलेले सिंह, कठडा व अंड स्पष्ट दिसत असल्याने, नष्ट झालेल्या महाचैत्याच्या रूपाची कल्पना अभ्यासक मुख्यतः अशाच पट्टांवरून करतात.